फोटो कसा काढला?

मराठीत आपण फोटो 'काढतो'. उर्दूत तुम्ही तस्वीर 'खींचता'. गंमत पाहा, दोन्ही भाषांना एकच गोष्ट सुचली आहे. फोटो जणू कुठेतरी आत दडलेला असतो आणि तो ओढून बाहेर आणावा लागतो. विहिरीतून पाणी काढावे तसा. मला ही कल्पना फार आवडते. कारण विहिरीतून पाणी काढणाऱ्याला दोर किती लागला, हे त्यालाच ठाऊक असते. घागर पाहणाऱ्याला ते दिसत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, मला इथे फोटोविषयी माझे एक मत मांडायचे आहे. जो आपला फोटो चार लोकांना दाखवतो, त्याने तो कसा काढला हेही सांगितले पाहिजे. चांगले सांगावे, तसे वाईटही सांगावे. तुम्हाला हे मत पटेलच असे नाही. माझ्या काही मित्रांना ते आजही पटत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९९४ सालची गोष्ट. नाशिकमध्ये आम्ही काही हौशी मंडळी महिन्यातून एका रविवारी एकत्र जमत असू. हौशी म्हणजे ज्यांना शौक आहे, पण त्यावर ज्यांचे पोट नाही असे लोक. आमच्यात एक बँकेतील कारकून होते. एक परिचारिका होती. निफाड तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार होते. आणि जुन्या नाशकात घड्याळे दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना आम्ही सगळे 'चाचा' म्हणत असू. कुणाचा कॅमेरा अडला की तो चाचांच्या टेबलावर जाई. डोळ्याला भिंग लावून ते शटरचा बारीक स्क्रू काढत आणि म्हणत, "हेपण घड्याळच आहे बेटा. फक्त काटे नाहीत."

ते रोलचे दिवस होते. एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघत. रोल विकत घ्यायचा, तो धुऊन घ्यायचा, मग त्याच्या प्रती काढायच्या. प्रत्येक वेळी खिशातून पैसे जात. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी माणूस दहादा विचार करी. महिन्यातून एकाने एकच फोटो आणायचा, असा आमचा नियम होता. फोटो टेबलावर मधोमध ठेवायचा. सगळ्यांनी तो पाहायचा. मग चाचा विचारीत, "छान आहे. पण कसा काढला?"

या एका प्रश्नाने आम्हाला जे शिकवले, ते कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही.

एकदा परिचारिकेने गोदावरीच्या पुराचा फोटो आणला. रामकुंडाजवळ नदीत दुतोंड्या मारुतीची मोठी मूर्ती आहे. पावसाळ्यात नाशिकचे लोक एकमेकांना विचारतात, "पाणी मारुतीच्या कुठवर आले?" कुणी म्हणते गुडघ्यापर्यंत, कुणी म्हणते कमरेपर्यंत. पूर मोजण्याची ही आमची जुनी पट्टीच आहे. तिच्या फोटोत पाणी मारुतीच्या छातीला लागले होते. चाचांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "दूध येते त्या प्लास्टिकच्या पिशवीला एक भोक पाडले. त्यातून लेन्स बाहेर काढली. बाकी कॅमेरा पिशवीत. मग पावसात उभी राहिले." शटरचा वेग तिने एक सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका ठेवला होता. म्हणून पाण्याचा प्रत्येक थेंब हवेत थांबल्यासारखा दिसत होता. बँकेतील कारकुनांनी पूर्वी सोमेश्वरच्या धबधब्याचा फोटो आणला होता. त्यात पाणी पिंजलेल्या कापसासारखे मऊ दिसत होते. त्यांनी कॅमेरा दगडावर टेकवून शटर जवळजवळ अर्धा सेकंद उघडे ठेवले होते. नदी तीच, पाणी तेच. एकाने वेळेचा लहानसा तुकडा घेतला, दुसऱ्याने मोठा घेतला. हे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून चाचांनी शटरचा वेग म्हणजे काय ते आम्हाला समजावले. त्याला पाच मिनिटेही लागली नाहीत.

बागायतदार नेहमी पक्ष्यांचे फोटो आणीत. त्यांच्या गावापासून नांदूर मध्यमेश्वर जवळ आहे. तिथे गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम होतो. बंधाऱ्यामुळे तिथे उथळ पाणी साठते आणि हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात. १९८६ साली तिथे अभयारण्य झाले. पुढे २०२० साली त्याला 'रामसर स्थळ' म्हणून जागतिक मान्यता मिळाली. महाराष्ट्रातले ते पहिलेच रामसर स्थळ. तिथे 'वारकरी' नावाचा एक पक्षी असतो. अंगाने काळा, कपाळावर पांढरा टिळा. नाव कुणी दिले कोण जाणे, पण फार शोभते! या वारकऱ्याचा फोटो काढणे सोपे नाही. पाणी चकाकत असते आणि पक्षी काळा असतो. कॅमेरा चकाकणाऱ्या पाण्याकडे पाहून उजेड कमी करतो आणि पक्षी कोळशासारखा होतो. "मग तुमच्या फोटोत त्याचा लाल डोळासुद्धा कसा दिसतो?" असे आम्ही विचारले. बागायतदार म्हणाले, "कॅमेऱ्याचे ऐकायचे नाही. तो सांगेल त्यापेक्षा थोडा जास्त उजेड आत घ्यायचा. आणि सूर्य आपल्या पाठीशी ठेवायचा." त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पक्षी उडताना वाऱ्याच्या दिशेने तोंड करतो. म्हणून आधी वारा कुठून येतो ते पाहावे आणि त्याप्रमाणे बसावे. शेतकऱ्याला वारा कळतो. आम्ही शहरातले लोक वर्षभर पक्ष्यांच्या शेपट्यांचेच फोटो काढत होतो.

एक फोटो मात्र मला सर्वांत जास्त आवडला. तो मालेगावहून आलेल्या एका पाहुण्याचा होता. मालेगावचे यंत्रमाग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील, काहींच्या घरातच असतील. त्या फोटोत एक कामगार मागापाशी उभा आहे. त्याचा चेहरा अगदी स्पष्ट आहे. पण धोटा दिसतच नाही, त्याच्या जागी नुसती एक धुरकट रेघ आहे. धोटा म्हणजे धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. पाहुणे म्हणाले, "शटर एक सेकंदाच्या पंधराव्या भागावर ठेवले. कॅमेरा भिंतीला दाबून धरला. आणि त्या भाईंना सांगितले की एवढा वेळ मान हलवू नका." चाचांनी विचारले, "फोटोपूर्वी त्यांना विचारले होते?" पाहुणे हसले. म्हणाले, "विचारले नसते तर ते मान न हलवता उभे कसे राहिले असते?"

आता कुणी म्हणेल, आपली युक्ती दुसऱ्याला का सांगावी? उद्या तो आपल्या पुढे जाईल. हा प्रश्न खोटा नाही. ज्याचे दुकान फोटोवर चालते, त्याला ही भीती वाटणे मी समजू शकतो. पण फोटोची कलाच मुळी सांगण्यातून वाढली आहे. बसरा शहरात जन्मलेले इब्न अल्-हैसम हे सुमारे हजार वर्षांपूर्वीचे मोठे शास्त्रज्ञ. त्यांच्या 'किताब अल्-मनाझिर' या ग्रंथाचे नाव तुम्ही ऐकले असेल. अंधाऱ्या जागेच्या भिंतीला बारीक छिद्र असेल, तर बाहेरच्या उजेडाचे चित्र आत उमटते. याचे प्रयोग त्यांनी केले आणि ते कसे केले तेही लिहून ठेवले. लिहिले म्हणून पुढच्या लोकांना ते पुन्हा करून पाहता आले. कॅमेरा या शब्दाचा मूळ अर्थ खोली असाच आहे. आपला 'कमरा' त्याचाच भाऊ आहे. तो पोर्तुगीज लोकांबरोबर आपल्याकडे आला.

मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली. फोटोची विद्या जगाला माहीत होऊन तेव्हा पंधराच वर्षे झाली होती. त्या संस्थेचे सभासद एकत्र जमत, आपले फोटो दाखवीत आणि कोणते रसायन कसे वापरले यावर निबंध वाचीत. पुढच्याच वर्षी त्यांचे नियतकालिकही निघू लागले. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेत होते. ते पेशाने डॉक्टर होते आणि फोटो काढीत. आमच्या रविवारच्या बैठकीत चहा असे, त्यांच्याकडे काय असे ते माहीत नाही. पण काम तेच होते.

आणि आमच्या नाशिक जिल्ह्याचे दादासाहेब फाळके! नाशिकपासून सुमारे अठ्ठावीस किलोमीटरवर असलेल्या त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली त्यांचा जन्म झाला. चित्रपट काढण्यापूर्वी ते फोटो काढीत. काही काळ त्यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार म्हणून नोकरी केली. १९१२ साली ते चित्रपटाचे तंत्र शिकायला लंडनला गेले. तिथे त्यांना ओळखणारे कुणी नव्हते. पण सेसिल हेपवर्थ नावाच्या चित्रपट निर्मात्याने आपल्या स्टुडिओचे सगळे विभाग या परक्या माणसाला मोकळ्या मनाने दाखवले. हेपवर्थने दार लावून घेतले असते तर? परत आल्यावर फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक वेळाने त्याचे एकेक चित्र घेतले. महिनाभराहून अधिक काळ हे काम चालले होते. पडद्यावर मात्र ते रोप काही क्षणांत वाढताना दिसले. ते पाहून एका मित्राने त्यांना भांडवल दिले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. पुढे ते नाशिकला आले. मला त्यांची सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. १९१७ साली त्यांनी चित्रपट कसे तयार होतात, हे दाखवणारा एक छोटा चित्रपटच काढला. जी विद्या इतक्या कष्टाने मिळवली, ती त्यांनी लोकांसमोर उघडी करून ठेवली. त्यांचे स्मारक आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे. सहलीला गेलात तर तिथे थोडे थांबा.

इथपर्यंत माझे म्हणणे सोपे होते. युक्ती सांगितली की सगळ्यांचा फायदा होतो, हे बहुतेक जण मान्य करतात. आता अवघड भाग सांगतो.

त्याच वर्षी एप्रिल महिन्यात मी एक फोटो टेबलावर ठेवला. बुलबुलाचे घरटे, त्यात तीन पिल्ले, तिघांच्या चोची उघड्या आणि वर आई अळी घेऊन बसलेली. पिल्लांच्या तोंडातला लाल रंगसुद्धा दिसत होता. असा फोटो आमच्या टेबलावर पूर्वी आला नव्हता. बागायतदारांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कुणी म्हणाले, "हा स्पर्धेला पाठवा." मी मनातून फुलून गेलो होतो.

मग चाचांनी विचारले, "कसा काढला बेटा?"

मी म्हणालो, "सकाळचा उजेड होता. झुडपापासून सहा फुटांवर बसलो. एक तास वाट पाहिली."

"बुलबुल तर घरटे पानांत लपवते," चाचा म्हणाले. "मग पाने कुठे गेली?"

मी जरा अडखळलो. "दोन फांद्या आड येत होत्या. त्या सुतळीने बांधून बाजूला घेतल्या."

"नंतर सोडल्या?"

मी गप्प झालो. खरे म्हणजे मला आठवतच नव्हते. फोटो मिळाल्याच्या आनंदात मी तसाच घरी आलो होतो. चाचा पुढे काही बोलले नाहीत. त्यांनी फोटो हळूच माझ्याकडे सरकवला आणि चहाचा कप उचलला. बैठक संपल्यावर मी सायकल काढली आणि सरळ त्या झुडपाकडे गेलो. फांद्या अजून बांधलेल्याच होत्या. घरट्यावर भर दुपारचे ऊन पडले होते. घरटे रिकामे होते. पिल्ले कावळ्याने नेली की उन्हाने गेली, मला सांगता येणार नाही. फोटोला तेव्हा आठ दिवस झाले होते. एवढ्या दिवसांत ती उडून जाण्याइतकी मोठी झाली असतील, असे मी स्वतःला समजावून पाहिले. मन मानेना. सुतळी सोडून मी घरी आलो.

पुढच्या महिन्यात मी तोच फोटो पुन्हा नेला आणि सगळे सांगितले. त्यावरून आमच्यात मोठा वाद झाला. बँकेतील कारकून म्हणाले, "फोटो हा फोटो आहे. तो सुंदर आहे की नाही एवढेच पाहावे. काढणाऱ्याने काय केले, हा वेगळा विषय आहे." परिचारिका म्हणाली, "माझ्या वॉर्डात कुणी रुग्णाची चादर ओढून फोटो काढला, तर तो सुंदर आहे म्हणून मी गप्प बसू का?" वाद तिथे मिटला नाही. आजही अशा बैठकांत तो निघतो. मी मात्र तेव्हापासून परिचारिकेच्या बाजूला आहे. मी कसे काढले हे लपवले असते, तर सगळ्यांनी त्या फोटोची नक्कल केली असती. पुढच्या वर्षी नाशिकच्या झुडपांत आणखी पाच ठिकाणी सुतळी बांधली गेली असती. कृती सांगितली की तिच्यातली चूकही उघडी होते, म्हणून तर ती सांगायची. आज वन्यजीवांच्या अनेक छायाचित्र स्पर्धांत घरट्यातील पिल्लांचे फोटो घेतच नाहीत. हा नियम मला योग्य वाटतो.

इथे एक अपवाद मी करतो. 'कसे' सांगावे, पण घरटे 'कुठे' आहे ते सांगू नये. एकाला सांगितले की दहा जण जातात. बागायतदारांनी आम्हाला वारा शिकवला, पण आपल्या शेताजवळच्या एका घुबडाची ढोली कुठे आहे ते कधीच सांगितले नाही. मी तीन वेळा विचारले. तिन्ही वेळा त्यांनी द्राक्षांच्या भावावर बोलणे नेले.

माणसांच्या फोटोलाही हेच लागू आहे. सिंहस्थ कुंभमेळ्यात, २००३ साली आणि २०१५ साली, रामकुंडावर कॅमेऱ्यांची मोठी गर्दी होती. स्नान करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या माणसांवरही काहींच्या लेन्स रोखलेल्या असत. अशा फोटोखाली काढणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहावे, "या बाईंना मी विचारले नव्हते." असे लिहायला हात धजला नाही, तर तो फोटो दाखवू नये. ईदच्या नमाजचा, लग्नाचा, दवाखान्याचा, कुठलाही फोटो घ्या. हीच परीक्षा करून पाहा. पुष्कळ फोटो आपोआप खिशातच राहतील.

आता रोल गेले. तुमच्या घरात मोबाइल असेल आणि त्यात कॅमेरा असेल. दिवसाला शंभर फोटो काढले तरी खर्च नाही. शिवाय मोबाइल स्वतःच लिहून ठेवतो की फोटो किती वाजता काढला आणि शटरचा वेग किती होता. मग सांगायचे काय उरले, असे तुम्ही म्हणाल. उरले ते असे की मोबाइलला सुतळी दिसत नाही. विचारले होते की नाही, हेही त्याला कळत नाही. आणि आजकाल यंत्राकडून नसलेला पक्षीही फोटोत बसवून घेता येतो. त्यामुळे चाचांचा प्रश्न पूर्वीपेक्षा आज जास्त विचारावा लागतो, असे मला वाटते.

ज्यांच्याकडे मोबाइलही नाही, त्यांनी बुटाचे रिकामे खोके घ्यावे. एका बाजूला सुईने बारीक छिद्र पाडावे. समोरची बाजू कापून तिथे पतंगाचा पांढरा पातळ कागद ताणून चिकटवावा. डोक्यावरून चादर घ्यावी आणि छिद्र उन्हातल्या झाडाकडे करावे. कागदावर झाड उलटे दिसेल. छिद्र मोठे केले तर चित्र उजळ होते, पण अस्पष्ट होते. लहान केले तर स्पष्ट होते, पण अंधुक होते. असे का होते, ते मी सांगत नाही. वर्गात चार जणांनी चार खोकी आणा आणि एकमेकांना विचारा, कसे केले.

चाचा आता नाहीत. त्यांनी दुरुस्त केलेला माझा जुना कॅमेरा अजून चालतो, पण त्यात घालायला रोल सहज मिळत नाही. बुलबुलाची निगेटिव्ह मी एका पाकिटात ठेवली आहे. पाकिटावर मी तारीख लिहिली आहे. वेळ, अंतर आणि शटरचा वेग लिहिला आहे. खाली आणखी एक ओळ आहे : दोन फांद्या सुतळीने बांधल्या, आठ दिवसांनी सोडल्या.